परतीची गाडी

१७ नोव्हेंबर, शिरूर

आजपासून नवी नोकरी, म्हणून नवी डायरी. पुण्यात हॉस्पिटलात नर्स होते तेव्हा लिहायची कधी गरज पडली नाही. ड्युटी संपली की चहा घेताना सगळ्याजणी बोलून मोकळ्या व्हायचो. इथे घरात फक्त पपा. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाने जे ऐकू येतं त्यातलं निम्मं त्यांना ऐकायचं नसतं.

काम असं: शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, नर्स यांना शिकवायचं. एखाद्या बाईवर किंवा मुलीवर अत्याचार झाला आणि ती यांच्या दारात येऊन उभी राहिली, तर आधी काय बोलायचं, काय अजिबात बोलायचं नाही, कुठे न्यायचं. गावात पहिलं दार यांचंच असतं. संस्था पुण्याची. प्रमुख अल्फियामॅडम फोनवर भेटणार, बाकी मी एकटी.

गाडी दिली आहे हे बरं झालं. ठेक्याची पांढरी जीप, चालवायला ज्ञानूमामा. साठीला आलेले, पांढरी टोपी, हळू आवाज. पूर्वी कितीतरी वर्षं ते बाळंतिणींची गाडी चालवायचे, त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली वस्ती न् वस्ती त्यांना पाठ. डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीपुढे एक वाटी आहे, निघताना तिच्यात कापूर पेटवतात. मला म्हणाले, "राहेलताई, तुमच्या देवाला चालतंय ना?" मी हसले. चालतं म्हटलं.

पपा म्हणाले, "ओळखीचा माणूस आहे. मला आता काळजी नाही."

२० नोव्हेंबर, न्हावरे

पहिलं शिबिर. निभलं एकदाचं.

मी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवते आणि सांगते, इथे मैना बसली आहे. मैना मी रचलेली. ऊसतोडीला आलेली तरणी बाई, मुकादमाच्या भावाने तिला फडात गाठलं, ती कशीबशी आशाताईच्या घरापर्यंत आली. आता एकेकीने खुर्चीपुढे जायचं आणि मैनाशी बोलायचं. सकाळी सगळ्या म्हणत होत्या, "तू एकटी कशाला गेलीस?" नाहीतर, "गप ऱ्हा, कुणाला सांगू नगं." दुपारपर्यंत सूर बदलला. "तुजी काय बी चूक न्हाई." "तुला काय पायजे ते तू सांग, मी हाय हितं." एकीने तर खुर्चीच्या हातावर हात ठेवायच्या आधी विचारलं, "हात लावू का गं?" मला भरून आलं.

साखरबाई नावाच्या एक आशाताई दिवसभर गप्प होत्या. पन्नाशीच्या, वाळक्या अंगाच्या, नदीकडच्या वस्तीवरच्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, मैनाला दवाखान्यात नेली. मग ती परत कशी आली?"

मी म्हटलं, "गोष्ट दवाखान्यापर्यंतच आहे."

"पर परत तर आली आसंल की. कुणाच्या गाडीत?"

कुणी हसलं नाही. सगळ्या मान खाली घालून बसल्या. तेवढ्यात ज्ञानूमामा चहाची किटली घेऊन आत आले आणि सुटल्यासारखं वाटलं. मी कप वाटले. मागे वळून बघते तर मैनाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. कुणी फिरवली विचारलं. कुणी कबूल झालं नाही. चहाही बऱ्याच जणींनी तसाच ठेवला, साय धरेपर्यंत.

२१ नोव्हेंबर

शिबिर संपलं. इकडे बिबट्याची दहशत आहे. मागच्या आठवड्यात गोठ्यातून वासरू नेलं. वन खात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरते, एकट्यादुकट्याने उसाच्या रस्त्याने जाऊ नका. ज्ञानूमामा बायकांना आपण होऊन म्हणाले, "बसा गं, वस्तीपतूर सोडतो."

"एस्टी येतीय, मामा."

त्या रस्त्याला त्या वेळेला एसटीच नाही. आम्ही निघालो तेव्हा त्या चालत निघाल्या होत्या, एकामागे एक, हातात काठ्या, त्या जमिनीवर आपटत. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. आरशात बघत राहिले, तर वळणावर उसाने त्यांना गिळल्यासारखं झालं.

"येड्या हायेत," मामा म्हणाले.

अहवालात लिहायला हवं: धोक्याची जाणीव कमी आहे, यावर वेगळं सत्र घ्यावं.

२८ नोव्हेंबर, शिक्रापूर

हायवेवरचे ट्रक गेले की हॉलच्या खिडक्या थरथरतात. गट मात्र छान. सबीना म्हणून एक आशाताई आहे, तिशीची, तोंडाळ, सगळ्यांना हसवणारी. कंपन्यांच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये फिरून फिरून हिंदी, भोजपुरी सगळं बोलते. मैनापुढे गुडघ्यावर बसून तिने असं काही म्हटलं की तिथेच शिबिर संपवावं वाटलं. म्हणाली, "मी तुला काही विचारणार न्हाई. तू बोलशील तवा मी ऐकणार, आन् न्हाई बोललीस तरी हितंच बसणार."

जेवणानंतर हीच सबीना विचारते, "मॅडम, मैना परत कशी आली?"

तेच शब्द. न्हावऱ्याच्या कुणाला ओळखतेस का, विचारलं. नाही म्हणाली. मग जरा थांबून, "त्या गाडीत कापराचा वास व्हता का?"

"गोष्टीत गाडी नाहीच, सबीना."

"आसंल," ती म्हणाली. हसली नाही.

चहाच्या वेळी खुर्ची पुन्हा भिंतीकडे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण मी रचलेल्या बाईबद्दल माझ्यापेक्षा यांना जास्त माहीत आहे, असं आता वाटतंय. जाताना गाडीत ज्ञानूमामांना हे नवल सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "कोण कोण म्हणली आसं?"

मी नावं सांगितली. साखरबाई आणि सबीना.

"बायकांच्या डोस्क्यात काय बी येतं," ते म्हणाले आणि वाटीत आणखी एक वडी पेटवली.

४ डिसेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली, आणि लक्षात आल्यापासून तीच दिसतेय. आपली जीप गावातून जाते तेव्हा रस्त्याकडेच्या बायका पाठ फिरवतात. सगळ्या नाही. हापशावरच्या दोघी, स्टँडवर उभी असलेली एक, कांद्याच्या चाळीपुढे बसलेली एक म्हातारी. तोंडावर पदर घेत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या सावकाश उलट्या वळतात आणि गाडी जाईपर्यंत तशाच उभ्या राहतात. जणू आपण गेल्यावरच त्यांना तोंड फुटणार आहे.

मामांना विचारलं. "धुरळा, ताई."

रस्ता डांबरी होता.

९ डिसेंबर

सबीना फोन उचलत नाही. पुढच्या शिबिरात तिला सहप्रशिक्षक म्हणून घ्यायचं मनात होतं. शेवटी दुसरीच्या फोनवरून निरोप आला, तब्येत बरी नाही, आता येणार नाही. इतकी उमेदीची बाई! मामा म्हणाले, "मी रविवारी शिक्रापूरला गेल्तो भाच्याकडं, मला दिसली की ती. चांगली ठणठणीत व्हती." म्हणजे खोटं बोलली. वाईट वाटलं.

१२ डिसेंबर, दौंड

सकाळी दाट धुकं. स्टेशनातून गाड्यांचे आवाज यायचे पण गाडी दिसायची नाही. बायका यायच्या आधी मी खुर्च्या मांडत होते. दारात एक नर्सबाई कप घेऊन उभ्या होत्या. एकाएकी कप त्यांच्या हातून पडला. तोंडावर हात दाबून त्या बाहेर पळाल्या आणि भिंतीशी ओकल्या. मी पाठीवर हात ठेवायला गेले, तर अंग चोरून म्हणाल्या, "ते गाणं बंद करा."

"कुठलं गाणं?"

"तुम्ही गुणगुणत होता ते."

मला कळलंच नव्हतं मी गुणगुणतेय. ज्ञानूमामा गाडी चालवताना एक सूर धरतात, शब्द नाहीत, नुसता नाकातून. रोज ऐकून माझ्या तोंडात बसला असणार. पपाही परवा म्हणाले होते, हे काय नवीन शिकलीस?

त्या परत आत आल्या नाहीत. पित्त असेल. अल्फियामॅडमना मात्र सांगितलं की या भागात काहीतरी आहे, मला नाव देता येत नाही. त्या म्हणाल्या, "राहेल, तू थकलीयस. नाताळाला सुट्टी घे."

१८ डिसेंबर

आजच लिहायला हवं.

दुपारी साखरबाई घरी आल्या. कांदा घेऊन मार्केट यार्डात आलेल्या पुतण्याबरोबर आले म्हणाल्या. पाणी दिलं, हातात धरून बसल्या. प्यायल्या नाहीत. पपा आतल्या खोलीत होते. दार लावू का, त्यांनी विचारलं. मी लावलं.

"ताई, मी बाळंतीण घिऊन जायची. तिला दवाखान्यात ठिवायचं, आन् परत येताना गाडीत मी एकलीच. गाडी पोचवती म्हणून तर आमी जायचो. डायवर म्हणायचा, पुढं बसा, मागं रगात सांडलंय." त्या थांबल्या. "नदीच्या अलीकडं गाडी थांबवायचा. कापूर लावायचा. आन् ते गाणं."

मी विचारलं, कोण.

"तुमी ज्याच्या शेजारी बसता त्यो."

आणि मी, जी महिनाभर दोन तालुक्यांत शिकवत फिरतेय की पहिलं वाक्य हे असावं, 'माझा तुझ्यावर विश्वास आहे', ती मी काय बोलले? "साखरबाई, नक्की तेच होते का? इतकी वर्षं झाली. अंधारात—"

त्या उठल्या. पाण्याचा पेला जसाच्या तसा खाली ठेवला. म्हणाल्या, "अंधार नव्हता. दिवसा." आणि गेल्या.

मी मागे धावले नाही. ते मला लेकीसारखं वागवतात. माझ्या पायाला लागलं तेव्हा स्वतः मेडिकलमधून पट्टी आणली. पपांच्या वयाचे आहेत. साखरबाईंचं त्यांच्याशी काही भांडण असेल, गावातलं, जुनं. असंही असू शकतं. हे लिहितानाच मला दिसतंय की मी काय लिहितेय.

२२ डिसेंबर

लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे सुटेल.

सकाळी दौंडला दुसऱ्या शिबिराचा शेवटचा दिवस. मी मागे बसावं म्हणून बॅगा पुढच्या सीटवर टाकल्या. मामांनी त्या उचलून मागे ठेवल्या. "पुढं बसा ताई, मागं दणके बसत्यात." मी बसले. नाही म्हणायला तोंडच उघडेना. मी, जी नाही म्हणायला शिकवते.

न्हावऱ्याच्या पुढे नेहमीचा रस्ता सोडून त्यांनी गाडी आतल्या वाटेला घातली. लवकर पोचू म्हणाले. धुकं होतं, काचेपुढे दोन हातांवर काही नाही, बाजूला ऊस. बोनेटला पाती घासत होती. ते गुणगुणत होते. मग सूर थांबला.

"साखरबाई घरी आल्ती म्हणं."

मी म्हटलं, "कांदा घेऊन आल्या होत्या."

"व्हय? कांदा." गाडी थांबली. इंजिन बंद केलं. ती शांतता मला अजून ऐकू येतेय. कुठे पाखरूसुद्धा नाही. "ह्या टायमाला बिबट्या हितंच आडवा जातो. बघायचा का?"

मी दाराची कडी धरली. त्याने खिशातून काडेपेटी काढली, कापूर पेटवला, तसबिरीला हात जोडले. अगदी भक्तीने. मग माझ्याकडे न बघता बोलला, "बायका तुमच्या ट्रेनिंगनं लई बोलाया लागल्यात, ताई. आधी आसं नव्हतं. आधी समद्या कशा गुणी व्हत्या."

त्याने माझ्या अंगाला हात लावला नाही. हे मी स्पष्ट लिहून ठेवते. त्याने काहीच केलं नाही. तो नुसता हसला, आणि मला कळलं की त्याला मी किती घाबरलेय ते बघायचं होतं, आणि ते बघून त्याचं पोट भरलं.

मी दार उघडून उतरले. चालायला लागले. मागून गाडी सुरू झाली आणि माझ्या पायांच्या वेगाने मागे येत राहिली. दिवे लावलेले, धुक्यात दोन पिवळे गोळे. हॉर्न नाही, हाक नाही. उसात काहीतरी सळसळलं, आणि देवा, मी उसाच्या बाजूला सरकले. बिबट्याच्या बाजूला.

किती चालले माहीत नाही. पुढे काठ्या आपटल्याचा आवाज आला. ऊस तोडायला निघालेल्या बायका होत्या, कोयते घेतलेल्या. माझ्या मागचे दिवे बघून त्या थांबल्या. एकीने मला दंडाला धरून मधे घेतलं. आणि सगळ्या जागच्या जागी वळल्या, गाडीकडे पाठ करून, माझ्याभोवती. गाडी अंगावरून जावी तशी जवळून गेली. मग त्या परत चालायला लागल्या. कुणी विचारलं नाही, तू कोण, इथे कशी, एकटी का. फाट्यापर्यंत आणून सोडलं, आणि एसटी येईपर्यंत थांबल्या.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये गेले. उभी राहिले, बसले, गाण्याला तोंड उघडलं पण सूर लावायची भीती वाटली. जेवताना पपांना सांगितलं, उजव्या कानाशी तोंड नेऊन. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "मीच तुला म्हटलं ना, काळजी नाही म्हणून." संध्याकाळी दाराच्या कडीला नवा स्क्रू मारत बसले होते.

२७ डिसेंबर, न्हावरे

एसटीने साखरबाईंकडे गेले. त्या शेणी थापत होत्या. मी उभीच राहिले. म्हटलं, "मी तुम्हाला जे विचारलं ते विचारायला नको होतं. तुम्ही सांगितलं ते खरं आहे. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"आता का म्हणता? तुमालाबी नेलं का नदीवर?"

"उसात नेलं. मी उतरले."

त्यांनी हात धुतले. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमी उतरला. आमच्या टायमाला दार आतून उघडत नव्हतं. त्यानं हँडल काढून ठिवलं व्हतं."

त्यांना पोलीस नको आहेत. सून आली आहे घरात, नातू आहे. त्यांना एवढंच हवंय की कुठल्याच आशाबाईला परतीला एकटं बसायला लागू नये. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, तक्रार करा. मी ओठ आवळून बसले. ठरवायचं त्यांनी, मी नाही. हे शिकवायला फार सोपं आहे.

तिथून शिक्रापूरला. सबीनाने दार किलकिलं केलं. त्या रविवारी तो तिच्या गल्लीत आला होता. काही बोलला नाही. समोरच्या टपरीवर बसून गुणगुणत राहिला, तिची मुलगी शिकवणीवरून येईपर्यंत. आपलं नाव त्याला कुणी सांगितलं, हे सबीनाने मला विचारलं.

मी सांगितलं, मी.

तिने दार लावून घेतलं.

९ जानेवारी

अल्फियामॅडम शिरूरला आल्या. सगळं ऐकलं. पांढऱ्या पडल्या. पण मग म्हणाल्या, लेखी कुणाचंच नाही, बायका नाव द्यायला तयार नाहीत, आपण त्याला कामावरून काढू शकतो, त्यापलीकडे काय? कारण देऊ नका, शांतपणे काढू. आणि काढला. ठेकेदाराला सांगितलं, गाडीची गरज संपली.

मी आता एसटीने फिरते. शिबिरात चहा आमचा आम्हीच करतो. मैनाची गोष्ट बदलली आहे. तिच्या परतीपर्यंत सांगते. आता खुर्ची कुणी फिरवत नाही. हॉल हलका झाल्यासारखा वाटतो. रस्त्याने जाताना बायका एसटीकडे तोंड करून उभ्या असतात, किती साधी गोष्ट. संपलं एकदाचं.

२१ जानेवारी

पपा मार्केट यार्डाकडे गेले होते. त्यांना तो दिसला. गाडी बदलली आहे म्हणाले, आता पिवळी चालवतो, नवी कोरी. पपांकडे बघून त्याने नमस्कार केला. पपांनी तोंड फिरवलं.

चालवू दे. माझ्या शिबिरांपासून लांब आहे तेवढं पुरे.

३ फेब्रुवारी

सबीनाचा फोन. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, तुम्ही त्याला काढला ना?"

"हो. महिना होत आला."

"तो पोरींची शाळेची गाडी चालवतोय. पिवळी. आज माझ्या गल्लीतून गेली. मागं समद्या लहान पोरी, आन् पुढं त्याच्या शेजारी एक, मोठी. बारीक तोंड करून बसलेली." तिचा श्वास ऐकू येत होता. "आपण त्याला आपल्यातून काढला आन् त्यांच्यात सोडला."

पपांनी मला रंगसुद्धा सांगितला होता. मी तो इथे लिहिला होता.

"उद्या ठाण्यात यायचं," सबीना म्हणाली. "माझं नाव लावून देणार मी. तुम्ही बसायचं फक्त."

साखरबाईंना फोन केला. फक्त काय झालं ते सांगितलं, येता का म्हणून विचारलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला.

४ फेब्रुवारी, शिरूर

सकाळी शाळेला कळवलं, त्यांनी गाडी उभी केली. मग ठाण्यात गेलो. सबीना, तिचा नवरा, मी आणि पपा. पपांनी कोट घातला होता. पायरीवर साखरबाई बसलेल्या होत्या, कधीच्या आलेल्या. मला बघून म्हणाल्या, "सुनंला सांगून आले. ती म्हणाली, जा."

आत एक तरुण फौजदारबाई होत्या. त्यांनी दार लावलं, फोन उलटा ठेवला आणि सबीनाला म्हणाल्या, "तुमच्या वेळेने सांगा." मी मागे बसले. सबीना बोलत होती, मधेच थांबत होती, परत बोलत होती. मग साखरबाई. मी त्या नदीकडची जागा, ते हँडल, सगळं पुन्हा ऐकलं, आणि काहीही बोलले नाही. दोघींनी सह्या केल्या. साखरबाईंची सही वळणदार आहे, हे मला माहीत नव्हतं. त्याला आणायला गाडी पाठवली आहे असं कळलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सबीना म्हणाली, "ते बघा."

रस्त्यापलीकडे, बंद दुकानांच्या कडेला बायका उभ्या होत्या. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. सकाळी आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्या बोलत नव्हत्या, एकमेकींकडे बघतही नव्हत्या, एकमेकींना ओळखत असतील असंही वाटेना. एक सत्तरीची, काठी धरलेली. एक लग्नाचा चुडा भरलेली. एक बुरख्यातली, एक शेतातून उठून आल्यासारखी, पायांना चिखल. दौंडच्या त्या नर्सबाई होत्या. बाकीच्यांतली एकही माझ्या शिबिरात आलेली नव्हती. मी मोजायला लागले आणि थांबले. गल्लीच्या तोंडातून अजून येतच होत्या.

साखरबाई पुटपुटल्या, "अगं बाई. किती मागपासून."

मग त्यांच्यातून एक मुलगी रस्ता ओलांडून आली. गणवेश, दोन वेण्या, पाठीला दप्तर. मागून एक म्हातारी तिला हाका मारत होती, ती थांबली नाही. सबीनाने माझा हात घट्ट धरला, त्यावरून मला कळलं की पुढच्या सीटवर बसलेली ती हीच.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्याकडे नाही, ठाण्याच्या दाराकडे बघत होती.

"ताई, आत जायला वय किती लागतं?"

मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. सांगितलं, काही लागत नाही. तू सांगशील ते सगळं खरं धरून ऐकतील. आजीला बरोबर घेऊ. आणि मी आत येऊ की बाहेर थांबू, ते तू सांग.

तिने खूप विचार केला. रस्त्यापलीकडच्या सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या.

"या," ती म्हणाली.

आम्ही परत आत गेलो.